रवांदे दोन सूत

पांचाळने बंदुकीचा दस्ता माझ्या पिठाच्या काट्यावर ठेवला तेव्हा मी कणीक मळत होते. विचारायची पद्धत त्याच्याकडे नव्हतीच. दार उघडं दिसलं, बूट काढले, कोट खुंटीला लावला, आत आला आणि अक्रोडाचा तो हातभर लांब लाकडी तुकडा काट्यावर आडवा टाकून डोळे बारीक करून आकडा वाचायला लागला.

"पांचाळ, तो खाण्याचा काटा आहे," मी म्हटलं.

"आक्का, लाकूड स्वच्छ आहे. तुमच्या पिठापेक्षा स्वच्छ."

"उचला."

"उचलतो. दोन छटाक अजून जायला पाहिजेत." आणि खिशातली पेन्सिल काढून त्याने माझ्या ओट्यावर, फरशीवर, आकडा लिहिला. पुढे दीड महिना तो माणूस दर दोन दिवसांनी तो दस्ता घेऊन यायचा आणि ओट्यावर नवा आकडा लिहून जायचा. मी जुना पुसायची. सून म्हणायची, आई, त्यांना एक काटा घेऊन देऊ या आपण. मी म्हटलं, नको. काटा दिला तर येणार नाही.

हे सस्काटूनचं, परदेशातल्या बर्फाच्या गावचं. नवरा गेल्यावर मुलगा मला इथे घेऊन आला. तो पोटॅशच्या खाणीत इंजिनियर. मी साताऱ्याकडची, माण तालुक्यातली, शाळा चौथीपर्यंत. पांचाळ कोकणातला, कुडाळच्या बाजूचा. त्याच खाणीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं लेथवर उभा राहून रिटायर झालेला. आमच्या घरापासून तिसऱ्या घरात एकटा राहायचा. बायको आधीच गेलेली, मुलगी मार्कहॅमला कंप्युटरच्या नोकरीत. अंगाने काटकुळा, कानावर केस, आणि उजव्या हाताची करंगळी अर्धीच. ती कुठे गेली हे मी विचारलं नाही. लेथवर काम करणाऱ्याला ते विचारायचं नसतं.

आमची ओळख फावड्यावरून झाली. पहिल्याच हिवाळ्यात मुलगा कामावर गेला की मी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला बाहेर पडायची. घरात बसून करायचं काय? त्या फावड्याचा दांडा इथल्या उंच गोऱ्या बाप्यांच्या मापाचा. माझ्या हनुवटीला लागायचा. पांचाळ रस्त्यावरून चालला होता. थांबला, दोन मिनिटं बघितलं, मग आला आणि माझ्या हातातून फावडं काढून घेऊन निघून गेला. मला वाटलं, वेडा आहे किंवा चोर आहे. तासाभराने परत आला. दांडा कापलेला, टोक घासून गुळगुळीत केलेलं, वर मूठ परत बसवलेली.

"धरून बघा," म्हणाला.

बरोबर माझ्या मापाचा होता. जरासा लांब. मी तसं सांगितलं.

"ते दोन सूत मुद्दाम ठेवलंय. रवांदे दोन सूत."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतार-लोहार मोजतात तो. आणि रवांदे म्हणजे त्यांच्या मालवणीत राहू दे. मला तेव्हा दोन्ही शब्द त्यानेच सांगितले. पुढे त्या माणसाच्या तोंडून हे वाक्य किती वेळा ऐकलं ते सांगता येणार नाही. टेबलाचा पाय कापू दे, पडद्याचा दांडा कापू दे, माझ्या सुनेच्या केकचा पुठ्ठा कापू दे, पांचाळ मापापेक्षा दोन सूत जास्तच ठेवायचा. नंतर कमी करता येतं, म्हणायचा. नंतर तो कमी करायचा नाही ती गोष्ट वेगळी. त्याच्या घरातलं प्रत्येक कपाट भिंतीपासून दोन सूत पुढे आलेलं होतं आणि बाथरूमचं दार कधी नीट लागलं नाही.

बोलणं अर्धं इंग्रजी, अर्धं मालवणी, रागावला की पूर्ण मालवणी. मला आक्का म्हणायचा. मी त्याला नुसतं पांचाळ म्हणायची. इथल्या मराठी मंडळातले बाकीचे लोक डॉक्टर, प्रोफेसर. ते त्याला पांचाळसाहेब म्हणायचे आणि घरातला नळ गळायला लागला की फोन करायचे. तो जायचा. पण गणपतीच्या जेवणात त्याच्या टेबलावर बसायला कोणी पुढे यायचं नाही. मी बसायची. आम्ही दोघंही भात हाताने कालवायचो.

आता बंदूक कशी आली ते सांगते.

खाणीत पांचाळचा एक जोडीदार होता, युक्रेनी, आजोबा-पणजोबांपासून इथे शेती असलेला. तो वारला. त्याची बायको ओल्गा, शहरापासून तासाभराच्या अंतरावर शेतावरच्या घरात एकटी राहायची. कोंबड्या होत्या, भाजीचा मळा होता, आणि दर हिवाळ्यात ती स्वतः एक हरीण मारून फ्रीझर भरायची. तिकडच्या कितीतरी घरांत हीच रीत. परवाना काढायचा, मोसमात एक हरीण, वर्षभराचं मांस. मला त्यात काही नवल वाटलं नाही. आमच्याकडेही माळावरचे ससे घरात यायचेच.

ओल्गाबाई बर्फावर पडली आणि तिच्या डाव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. खांदा सांधला, पण त्या हाताने वजन पेलवेना. नवऱ्याची बंदूक साडेनऊ पौंडाची. पुढचा हात डावा, सगळा भार त्याच्यावर. ती उचलायची आणि हात थरथरत खाली यायचा. इकडे कायोटी, म्हणजे कोल्ह्याचाच मोठा भाऊ, कोंबड्या नेत होता आणि ती खिडकीतून बघत होती.

तिचा मुलगा कॅलगरीला. तो वाईट नव्हता. त्याने आईला सरळ सांगितलं, तुला बंदूक उचलत नाही तर त्या घरात एकटी कशी राहणार? विकून टाकू, शहरात तुझ्यासाठी एक खोली बघू, नर्स असते, जेवण असतं. ती म्हणाली, मला उचलते. तो म्हणाला, ठीक आहे, या मोसमात तुझं हरीण तू आण. आणलंस तर मी परत हा विषय काढणार नाही. नाही आणलंस तर वसंतात घर विकायला काढायचं. आणि दोघांनी त्यावर हात मिळवला.

हे तिने पांचाळला सांगितलं ते उन्हाळ्यात. पांचाळने मला सांगितलं आमच्या ओट्याशी उभं राहून.

"मग नवी हलकी बंदूक घ्यावी तिने," मी म्हटलं.

"हलकी म्हणजे महाग, आक्का. वजन कमी करायचे पैसे घेतात लोक. तिला ते परवडायचं नाही. मी करतो."

"तुम्हाला बंदूक येते करता?"

असं बघितलं माझ्याकडे, जसं काही मी त्याला चालता येतं का विचारलं. "माझा बाप काय करायचा? कुडाळपासून सावंतवाडीपर्यंत ठासणीच्या बंदुकांचे दस्ते कोणाकडे यायचे? रानडुकरं भातात शिरली की लोक आधी देवाचं नाव घ्यायचे आणि मग माझ्या बापाचं."

त्याने एका शेतावरच्या लिलावातून जुनी बोल्टची रायफल घेतली. दाराला जशी कडी असते तशी हिला लोखंडाची कडी. मागे ओढायची, गोळी आत, पुढे ढकलायची, बंद. एका वेळी एक. दस्ता तडकलेला म्हणून कोणाला नको होती. कागदपत्रं त्याने व्यवस्थित केली, तेव्हा इथे शिकारीच्या बंदुकीचीही नोंदणी लागायची. त्याच्याकडे लायसन होतं, ओल्गाबाईकडेही होतं. या बाबतीत पांचाळ इंग्रजांपेक्षा कडक. बंदुकीची कडी तो गॅरेजमधल्या एका पेटीत ठेवायचा, बाकीची बंदूक दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या वेगवेगळ्या खिशात. एकदा डावी किल्ली कोणत्या खिशात ते विसरला आणि अर्धा दिवस स्वतःच्याच पँटी झाडत होता.

मग सुरू झालं हलकं करणं. नळी टोकाला वीतभर जास्त लांब होती, ती कमी केली. खालची लोखंडी पट्टी काढून ॲल्युमिनियमची बसवली, ती स्वतःच लेथवर केलेली. दस्ता अक्रोडाचा नवा घडवला, मागून आत पोखरला, वर रबराची गादी. दर वेळी माझ्या काट्यावर. मी विचारलं, सगळंच पोखरून टाका ना, एकदाचं होऊन जाऊ दे.

"तसं नसतं ते. बंदूक हलकी केली की लाथ मारते. जड बंदूक बैलासारखी, धक्का अंगात जिरवते. हलकी म्हणजे खोंड. म्हणून बेताने. आणि गोळी मध्यम घ्यायची. कायोटीलाही तीच, हरणालाही तीच. म्हातारीला एकच बंदूक पाहिजे, सगळ्या कामांची. घरात आपण विळी एकच ठेवतो की नाही?"

"माझ्याकडे दोन आहेत."

"तुमचं सोडा."

माप घ्यायचा दिवस मला चांगला आठवतो, कारण पुढे सगळं त्यावर अडलं. सप्टेंबर असेल. ओल्गाबाई शहरात डॉक्टरकडे आली होती, पांचाळ तिला माझ्याकडे घेऊन आला. त्याच्या गॅरेजमध्ये बसायला खुर्ची नव्हती. मी दारातच सांगितलं, बूट काढा, कोट काढा. माझ्या घरात बाहेरचे कपडे आत येत नाहीत. मंत्री आला तरी नाही. तिने जाकीट काढून खुंटीला लावलं आणि ब्लाउज-पँटवर स्वयंपाकघरात आली. माझ्याएवढीच उंच, माझ्याहून रुंद, डोळे निळे आणि हसताना एकही दात न दाखवणारी. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. तिला मराठी नाही, मला इंग्रजी दहा शब्द. आम्ही दोघी एकमेकींशी आपापल्या भाषेत मोठ्याने बोलायचो आणि भागायचं.

पांचाळने तिचा हात कोपरात वाकवायला लावला. दस्त्याचं मागचं टोक कोपराच्या खाचेत, आणि बोट चापापर्यंत कुठवर येतं ते पेन्सिलीने मारलं. तीन वेळा मोजलं.

"माझा बाप असंच मोजायचा," तो म्हणाला. मग पेन्सिलीची खूण थोडी मागे सरकवली. "रवांदे दोन सूत."

"व्हॉट डज ही से?" ओल्गाबाईने मला विचारलं.

मी बोटांच्या चिमटीत दोन सूत दाखवलं. "एक्स्ट्रा," म्हटलं. दहा शब्दांतला एक तो होता.

दसऱ्याला पांचाळने गॅरेजमध्ये हत्यारांची पूजा केली. दरवर्षी करायचा. लेथला हार, ग्राइंडरला हार, ड्रिलला कुंकू. झेंडू मिळत नाही तेव्हा ग्रोसरीच्या दुकानातली पिवळी शेवंती. त्या वर्षी मधे चौरंगावर रायफल होती, कडी काढलेली, तेल लावलेली, लाकूड असं चमकत होतं की मलासुद्धा हात लावावासा वाटला. मंडळाचे एक डॉक्टर सपत्नीक आले होते. दारातच थबकले.

"पांचाळसाहेब, हे म्हणजे... बंदूक?"

"दसरा आहे डॉक्टर. शस्त्राची पूजा करायची नाही तर काय टोस्टरची करायची?"

"नाही, पण आपण शाकाहारी लोक. फोटो मंडळाच्या ईमेलवर जातात."

"तुमच्या बागेतली गाजरं सशांनी खाल्ली तेव्हा कोणाला फोन केलात? जाळी कोणी लावून दिली? मी. ही पण जाळीच समजा. म्हातारीच्या घराला लावायची."

आपट्याची पानं इथे नाहीत म्हणून आम्ही मेपलची वाटली. डॉक्टरांच्या बायकोने मला हळूच विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटत? मी म्हटलं, मला फक्त त्याच्या बाथरूमच्या दाराची भीती वाटते, ते लागत नाही.

बंदूक पुरी झाली ती हुकाच्या काट्यावर टांगली. दुर्बिणीसकट साडेसहा पौंड. पांचाळने मला धरायला दिली. मी पाच पोरं पेलली आहेत. नुकतं जन्मलेलं चांगलं पोर एवढंच असतं. मी तसं सांगितलं तर त्याने मान हलवली आणि तोंड फिरवून उगाच लेथ पुसायला लागला.

नोव्हेंबरात मोसम सुरू झाल्यावर एका रविवारी तो मला ओल्गाबाईच्या शेतावर घेऊन गेला. म्हणाला, चला, तुमच्या काट्यावर वाढली आहे ती. बाहेर उणे अठरा. ओल्गाबाईने कागदाच्या निशाणावर आधी घरामागे बसून, टेबलावर बंदूक टेकवून दोन-तीन गोळ्या मारल्या होत्या. सगळ्या जागच्या जागी. पांचाळ खूश. मला वाटतं त्याला हरीण आधीच फ्रीझरमध्ये दिसत होतं.

तिसऱ्या प्रहरी आम्ही धान्याच्या कोठाराआड उभे राहिलो, पांचाळ आणि मी मागे, ओल्गाबाई पुढे, भिंतीला टेकून. कापलेल्या शेताच्या कडेला झाडीतून हरीण निघालं. मोठं, शिंगांचं, तोंडातून वाफ निघत होती. शंभर पावलांवर येऊन उभं राहिलं, आडवं. ओल्गाबाईने बंदूक उचलली. डावा हात थरथरला नाही. पांचाळने माझा दंड धरला.

आणि बंदूक खांद्याला लागेना. तिने परत खाली घेऊन परत उचलली. काखेपाशीच अडकत होती. तिसऱ्यांदा तिने जोर केला, कापडाचा खसकन आवाज झाला, हरणाने मान वर केली, पांढरी शेपटी उभी राहिली, आणि मग फक्त शेत राहिलं.

ती वळली. चेहऱ्यावर काही नव्हतं. बंदूक उघडून गोळी काढली, पांचाळच्या हातात दिली.

"इट्स अ ब्यूटिफुल गन," ती म्हणाली. "इट्स नॉट द गन. इट्स मी. आय एम टू ओल्ड फॉर धिस."

पांचाळ म्हणाला, नो नो, यू आर नर्व्हस, फर्स्ट टाइम. ती घरात जाऊन चहा ठेवायला लागली. चहा पितानाच तिने सांगितलं की संध्याकाळी मुलाला फोन करीन म्हणते. मी एवढं समजले. कपबशा धुवून ती जागच्या जागी ठेवत होती, आणि ठेवताना प्रत्येक कप जरा जास्त वेळ हातात धरत होती. मी म्हटलं, "ओल्गा, नो फोन. वन वीक. नो फोन." तिने खांदे उडवले. पण हो म्हणाली.

मला ते पटलं नव्हतं. हात थरथरलेला मी ओळखते. माझ्या सासूचा थरथरायचा. हिचा नव्हता थरथरला. मग अडलं कुठे?

बंदूक पांचाळने बरोबर घेतली होती. परतीच्या रस्त्यावर त्याचा ट्रक गरम झाल्यावर मी माझ्या कोटाची झिप उघडली. हात पुढे केला, परत झिप लावली, परत हात पुढे केला.

"पांचाळ, माप कुठे घेतलंत तुम्ही?"

"तुमच्या किचनमध्ये. तुम्ही होतात की."

"तिचा कोट कुठे होता?"

"कुठे असणार? खुंटीला. तुम्ही कोणाला कोट घालून..."

आणि तिथे तो थांबला. ट्रकही थांबवला, रस्त्याच्या कडेला, बर्फात. दोन्ही हात चाकावर.

"बाप उघड्या अंगावर माप घ्यायचा," म्हणाला. "कोकणात कोण कोट घालतो? लंगोटीवर बार काढायचे लोक. आवशीक खाव..." आणि पुढे बरंच मालवणी, ते लिहिण्यासारखं नाही. चाळीस वर्षं या देशात, त्यातली तीस वर्षं पारका, म्हणजे इथला जाड कोट, घालून खाणीवर जाणारा माणूस, आणि माप घेताना कुडाळला जाऊन बसला होता. अर्धी चूक त्याची. अर्धी माझी. माझ्या घरात बाहेरचे कपडे येत नाहीत, ते मी मंत्र्यालाही सांगते, आणि तिला हिवाळ्याचं माप सप्टेंबरात, ब्लाउजवर द्यायला मीच लावलं. हे मी त्याला तिथेच सांगितलं. तो म्हणाला, "रवांदे आक्का, आता वाटण्या नका करू."

मोसमाचा शेवटचा आठवडा राहिला होता, शनिवारी मोसम संपणार. बुधवारी ओल्गाबाई स्वतः गाडी चालवत आली. मी तिला घरात घेतलंच नाही. पारका, टोपी, मफलर, आतला स्वेटर, सगळ्यासकट थेट गॅरेजमध्ये. पांचाळने हीटर बंद केला होता, म्हणजे तिला गरम होऊन ती झिप उघडायची नाही. कोपर वाकवलं, माप घेतलं. दस्ता सहा सूत जास्त निघाला. चार सूत कोटाने खाल्लेलं, आणि दोन सूत त्याने स्वतः ठेवलेलं.

त्याने रबराची गादी काढली, दस्ता शिकंज्यात बसवला, करवत घेतली. खूण केली ती चार सुतांवर.

"सहा," मी म्हटलं.

"चार बस झालं. रवांदे दोन सूत."

कापलं. गादी बसवली. ओल्गाबाईने उचलली. पहिल्यांदा आली खांद्याला. दुसऱ्यांदा गादीची कडा कापडाला घासली. तिसऱ्यांदा अडकली. हरीण तीनदा उभं राहत नाही.

"इट्स ऑलमोस्ट," ओल्गाबाई म्हणाली, आणि बंदूक खाली केली. तेच तोंड, शेतावरचं.

"बघा, ऑलमोस्ट," पांचाळ म्हणाला. "लाकूड आहे, बसेल. पुढच्या वर्षी तिने बारीक स्वेटर घातला तर? मग आखूड पडली तर? कापलेलं मी परत आणू कुठून?"

तेव्हा माझं डोकं फिरलं. "पुढचं वर्ष? पांचाळ, तिचं घर शनिवारी जातंय. तुमचं बाथरूमचं दार नाहीये ते. ते तुमचे दोन सूत तुमच्याकडे ठेवा आणि कापा."

ओल्गाबाईला शब्द कळले नाहीत, पण ती दोन पावलं मागे सरकली.

पांचाळ स्टुलावर बसला. करवत मांडीवर. मग मला म्हणाला, माझ्याकडे न बघता, "माझ्या बापाने एकदा खोताच्या बंदुकीचा दस्ता आखूड केला. दोन सूत. फार नाही. खोताने अंगणात सगळ्या गावासमोर बापाच्या कानाखाली वाजवली. मी सात वर्षांचा. तेव्हापासून घरात... तेव्हापासून बाप दोन सूत ठेवायचा. मला पण तसंच शिकवलं."

मी म्हटलं, "खोत मेला. ही उभी आहे."

त्याने करवत मांडीवरून बाजूला ठेवली. मग उठला, गादी परत काढली, पेन्सिलीची रेघ मारली. या वेळी रेघ मागे सरकवली नाही. करवत रेघेवर ठेवली.

"जांवदे," म्हणाला.

जाऊ दे. त्याच्या तोंडून हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. करवत फिरली, आणि अक्रोडाची एक पातळ चकती खाली पडली, बिस्किटाएवढी. ओल्गाबाईने बंदूक उचलली, दहा वेळा, पंधरा वेळा. दर वेळी एकाच जागी, जशी चप्पल पायात जाते. मग तिने बंदूक त्याच्या हातात दिली आणि त्याच्या गालाची पापी घेतली. पांचाळ असा लाल झाला की मला हीटर लावायची गरज वाटली नाही.

शनिवारी दुपारी माझ्या घरचा फोन वाजला. मी कधी उचलत नाही, त्या दिवशी उचलला.

"टेल हिम," ओल्गाबाई ओरडत होती, "टेल हिम वन शॉट!"

मी कोट न घालता तिसऱ्या घरापर्यंत गेले. पांचाळ दारातच उभा होता, कदाचित सकाळपासून. मी एक बोट वर केलं. तो आत गेला आणि दार लावून घेतलं. मी म्हटलं जाऊ दे, माणसाला थोडा वेळ लागतो.

मांडीचं मांस तिने आम्हाला आणून दिलं. मी कांदा-खोबरं भाजून, काळा मसाला घालून रस्सा केला. तीन तास शिजवलं तरी जरा चिवटच. पांचाळने दोनदा वाढून घेतला आणि खोबरं कमी पडलं म्हणाला. कोकणातल्या माणसाला खोबरं नेहमीच कमी पडतं. ख्रिसमसला ओल्गाबाईचा मुलगा आला होता. त्याने म्हणे बंदूक हातात घेऊन फिरवून बघितली, कुठून घेतली विचारलं. घेतली नाही, माझ्या मापाची करून घेतली, असं तिने सांगितलं. त्याने शब्द पाळला. घराचा विषय परत निघाला नाही. त्यानंतर तीन हिवाळे तरी तिच्या फ्रीझरमधलं पाकीट माझ्याकडे येत होतं.

पांचाळची नजर नंतर कमी झाली. मोतीबिंदूचं ऑपरेशन करूनही बारीक रेघ दिसेना. लेथवर उभा राहायचा पण लावायचा नाही. मुलीने मार्कहॅमला बोलावलं. तिच्या काँडोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, बेसमेंट नाही, गॅरेज नाही. हत्यारं त्याने एका शाळेच्या वर्कशॉपला दिली.

निघायच्या दिवशी सकाळी तो माझ्याकडे आला. खाली मुलगी गाडी चालू ठेवून थांबली होती. मी म्हटलं, आज राहू द्या, बूट नका काढू. त्याने काढले. कोटही काढला, खुंटीला लावला, आणि स्वयंपाकघरात येऊन बसला. मी चहा दिला. त्याने कप ठेवून टेबलावर कोपर टेकवलं आणि जरा दाबलं. टेबल हललं नाही. हे टेबल पूर्वी एका पायावर डुगडुगायचं. त्या बुधवारची अक्रोडाची चकती मी उचलून आणली होती आणि त्या पायाखाली सारली होती. बरोबर बसली होती.

तो खाली वाकला. वाकताना गुडघे वाजले. डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून बोटाने चाचपलं. अर्ध्या करंगळीने.

"पांचाळ, हवी तर घेऊन जा ती," मी म्हटलं. "मी कागदाची घडी घालते तिथे."

तो उठला. चहा उभ्यानेच संपवला. कोट घातला, दारात बसून बूट घातले, नाड्या बांधायला त्याला वेळ लागला, मी मदत केली नाही. दार उघडल्यावर थंड वारा आत आला.

"रवांदे," तो म्हणाला, आणि पायऱ्या उतरून गेला.